नियमित छंद म्हणून निसर्ग छायाचित्रण

प्रश्न: नमस्कार. मी पुण्यात नोकरी करतो. निसर्ग छायाचित्रण सहलीपुरते न ठेवता दर आठवड्याला जोपासावे, असे मनात आहे. माझ्याकडे साधा डीएसएलआर कॅमेरा आणि ७०-३०० मिमीची लेन्स आहे. पक्ष्यांसाठी महागडी लेन्स आताच घ्यावी का?

उत्तर १: आताच नको. वेताळ टेकडीवर किंवा पाषाण तलावाकाठी सकाळी लवकर एकाच जागी शांत बसलात, तर पक्षी हळूहळू जवळ येतात आणि ३०० मिमीही पुरते. उडत्या पक्ष्यासाठी शटरचा वेग १/२००० सेकंदाच्या आसपास ठेवावा आणि त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) वाढवावा लागला तरी कचरू नये, कारण दाणेदार चित्र बरेचसे सुधारता येते, हललेले नाही.

उत्तर २: हिवाळ्यात उजनी जलाशयाकाठच्या भिगवणला अवश्य जावे, मात्र रोहितांचा (फ्लेमिंगोंचा) थवा उडावा म्हणून नावाड्याला होडी जवळ नेण्याचा आग्रह करू नये. (असे आग्रही दुर्दैवाने बरेच भेटतात.)

उत्तर ३: पावसाळ्यातही खंड पाडू नये. याच लेन्सला क्लोज-अप फिल्टर (लेन्सपुढे बसवायचे भिंग) लावून रानफुले आणि कीटक टिपता येतात. घरी आल्यावर लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवावी, अन्यथा दमट हवेत काचेवर बुरशी धरते.