मदत हवी आहे: अखेरच्या संधीविषयीच्या इंग्रजी शब्दप्रयोगांतील फरक

नमस्कार. मराठी माध्यमात शिकलेल्या प्रौढांना मी इंग्रजी शिकवते. पुढच्या पाठाची टिपणे काढताना लक्षात आले की, तीन-चार निरनिराळ्या शब्दप्रयोगांसमोर मी आजवर 'शेवटची संधी' एवढेच लिहीत आले आहे आणि ते बरोबर नाही.

माझी समज अशी आहे. 'लास्ट चान्स' ही खरोखरची संधी असते. 'लास्ट रिझॉर्ट' ही संधी नव्हेच. बाकीचे सारे मार्ग खुंटल्यावर नाइलाजाने करायचा तो उपाय असतो, म्हणून शस्त्रक्रियेबद्दल तो शब्द चालतो, पण परीक्षेच्या शेवटच्या खेपेबद्दल चालत नाही. 'लास्ट-डिच'मधला 'डिच' म्हणजे खंदक. शेवटच्या खंदकात उभे राहून लढण्याची ती कल्पना असल्यामुळे 'निकराचा प्रयत्न' हे भाषांतर मला चपखल वाटते. एवढ्यापर्यंत काही चुकत असल्यास कृपया सांगावे.

खरी अडचण पुढे आहे. 'शी मिस्ड हर लास्ट चान्स' या वाक्यात तिची अखेरची संधी हुकली की मागच्या वेळची, असे एका विद्यार्थ्याने विचारले. 'लास्ट'चे दोन्ही अर्थ होतात, तेव्हा संदर्भ पाहावा, असे मी सांगितले. पण त्याचे समाधान झाले नाही आणि माझेही नाही. हा घोटाळा टाळण्यासाठी इंग्रजी भाषक येथे 'फायनल चान्स' म्हणतील का, की त्याला नोटिशीचा, हुकुमाचा वास येतो?

दुसरा प्रश्न 'लास्ट चान्स सलून'चा. येथे सलून म्हणजे केस कापण्याचे दुकान नसून मद्यालय आहे, हे आधी सांगावे लागते. 1989 मध्ये ब्रिटनचे मंत्री डेव्हिड मेलर यांनी तेथील लोकप्रिय वृत्तपत्रांना उद्देशून हा शब्दप्रयोग वापरला होता: खासगी आयुष्यात नाक खुपसणे त्यांनी आपणहून थांबवावे, अन्यथा कायदा करावा लागेल, असा त्याचा रोख होता. आधीच्या संधी वाया घालवल्याचा दोष त्यात आहे, जो साध्या 'लास्ट चान्स'मध्ये नाही. 'निर्वाणीचा इशारा' जवळचा वाटतो खरा, पण तो इशारा देणाऱ्याच्या बाजूचा शब्द झाला. ज्याला इशारा मिळाला आहे, त्याची अवस्था सांगणारा शब्दप्रयोग मराठीत कोणता?