कोल्हापुरात नवीन आहोत: काय ऐकावे, काय खावे, काय पाहावे?

नागपूरचा_पाहुणा
सर्वांना नमस्कार. बदलीमुळे आम्ही नुकतेच नागपूरहून कोल्हापुरात, राजारामपुरीत राहायला आलो आहोत. अंबाबाईचे मंदिर, रंकाळा, पन्हाळा यांविषयी सांगणारे पुष्कळ भेटले. परंतु या गावाच्या गाण्याची, जेवणाची आणि चित्रपटांची ओळख कोठून सुरू करावी, हे कोणी मनापासून सांगितले नाही. लांबलचक यादी नको आहे. प्रत्येकाने स्वतःला अतिशय प्रिय असलेली एखादीच गोष्ट आणि तिचे कारण सांगावे, अशी विनंती आहे. मी शास्त्रीय संगीत ऐकतो, पण बहुतेक किराणा घराण्याचे. जयपूर-अत्रौलीचे गाणे लावले की ते माझ्या हातून निसटून पुढे जाते असे वाटते. सौ. शाकाहारी आहेत, मी नाही. सावजी जेवणावर वाढल्यामुळे तिखटाचे भय नाही. सोबत आई असते आणि तिला जुने मराठी चित्रपट व एखादी मालिका हवी असते.

शिवाजी_पेठेतील_श्रोता
आपल्या गाण्याच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर द्यावेसे वाटते, कारण हे गाणे कोल्हापूरनेच सांभाळले आहे. या जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारी गायक होते आणि १९२२ साली महाराज गेल्यावर ते मुंबईला गेले. त्यांचे पुत्र मंजी खाँ व भुर्जी खाँ या दोघांकडेही मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. आधी मंजी खाँसाहेबांकडे आणि १९३७ साली ते वारल्यावर भुर्जी खाँसाहेबांकडे. माझी शिफारस मन्सूरांचीच आहे आणि एकच राग सांगायचा तर बसंती केदार.

किराण्याच्या आलापीत एकेक स्वर शांतपणे उलगडत जातो आणि आपला कान त्या स्वरावर विसावायला शिकलेला असतो. जयपूर-अत्रौलीत स्वर असा एकटा थांबत नाही. तो मागच्या-पुढच्या स्वरांत गुंफलेला येतो आणि ती गुंफण बहुधा तीनतालाच्या मात्रांना धरून चालते. त्यामुळे आपण विसाव्याची जागा शोधत राहतो आणि गाणे पुढे गेलेले असते. म्हणून पहिल्या काही वेळा स्वराचा पाठलाग करू नका. हातावर मात्रा धरा, गायक आवर्तनात, म्हणजे तालाच्या एका फेरीत, कोठून उठतो आणि समेवर, म्हणजे त्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर, कसा येतो एवढेच पाहा. मन्सूरांची तान लयीला कोठेही न सोडता समेपर्यंत पोहोचते, हे एकदा कळले की पुढचे आपोआप ऐकू येऊ लागते. बसंती केदार निवडण्याचे कारण असे की वसंत आणि केदार हे दोन्ही राग आपल्या ओळखीचे असणार; दोन ओळखीचे राग एकाच तानेत एकमेकांत मिसळताना ऐकणे हा या घराण्यातील जोडरागांचा खरा आनंद आहे. खट, सावनी, संपूर्ण मालकंस यांसारखे अनवट, म्हणजे क्वचित गायले जाणारे, राग नंतर घ्यावेत.

मंगळवार_पेठ
वरील विवेचन मला पटते, पण सुरुवात मन्सूरांपासून करावी हे पटत नाही. किराण्याच्या श्रोत्याने प्रथम किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐकावा, ज्यात पुढे ‘सहेला रे’ ही बंदिश येते. त्यांच्या मातोश्री मोगूबाई कुर्डीकर यांना खुद्द अल्लादिया खाँसाहेबांची तालीम मिळाली आणि किशोरीताई मातोश्रींकडे शिकल्या, म्हणजे परंपरा तीच आहे. मात्र किशोरीताईंनी आलापाला जो अवकाश दिला, तो आपल्या कानाला परका वाटणार नाही. भूपात पाचच स्वर असल्यामुळे रागाच्या ओळखीतही अडखळायला होत नाही.

शिवाजी_पेठेतील_श्रोता
भूप अवश्य ऐकावा. तो माझाही अत्यंत आवडता आहे. तरी माझे मत कायम आहे. किशोरीताईंनी घराण्याच्या चौकटीतून बाहेर पडून स्वतःची वाट काढली आणि ती वाट मोठीच आहे. परंतु ज्या लयबंधामुळे आपल्याला अडचण येते, तो तेथे सैल झालेला असल्याने अडचण तशीच राहील. तिसरा पर्याय म्हणून केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्या सुचवतो. काही मिनिटांत संपणाऱ्या असल्याने त्या पुनःपुन्हा ऐकता येतात. त्यांचीच भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरील ध्वनिमुद्रिकेतून अंतराळात पाठवली गेली.

बावड्याची_सुगरण
जेवणाविषयी लिहिते. बाहेरगावच्या लोकांना कोल्हापुरी म्हणजे केवळ तिखट असे वाटते, याचे मला मनापासून वाईट वाटते. दादा, आपण प्रथम पांढरा रस्सा घ्यावा. मटण शिजवताना निघालेले अळणी पाणी हा त्याचा पाया असतो. त्यात खसखस, तीळ व काजू यांचे बारीक वाटण आणि शेवटी नारळाचे दूध घालतात. लाल चटणी त्यात अजिबात नसते, उष्णता येते ती मिरी, लवंग, दालचिनी यांची. नारळाचे दूध घातल्यावर आच मंद ठेवून सतत ढवळावे लागते, अन्यथा रस्सा फुटतो, आणि म्हणूनच एखाद्या खानावळीचा स्वयंपाकी कसा आहे हे मी पांढऱ्या रश्श्यावरून ठरवते. तांबड्या रश्श्यात कांदा-लसूण चटणीमागे बरेच काही झाकले जाऊ शकते. पांढऱ्यात काहीच झाकले जात नाही. आधी वाटीभर पांढरा, मग भाकरीबरोबर सुके मटण आणि तांबडा, आणि अखेरीस भाताबरोबर जो आवडला असेल तो, असा क्रम ठेवावा.

वहिनींसाठी ज्वारीची गरम भाकरी, कृष्णाकाठच्या वांग्यांची भाजी आणि दह्याबरोबर हिरव्या मिरचीचा खर्डा, यापेक्षा चांगले काही मला सुचत नाही. मिसळीबद्दल गावात इतकी मते आहेत की मी एकही ठिकाण सांगणार नाही. फक्त ती येथे पावाच्या स्लाइसबरोबर खातात आणि कट, म्हणजे तिचा तिखट रस्सा, वेगळा मागून घ्यावा. आईंना नृसिंहवाडीला नेलेत तर कवठाची बर्फी घ्यायला विसरू नका.

जुना_प्रेक्षक
मला ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) सर्वांत प्रिय आहे. प्रभात कंपनी १९२९ साली कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. हा बोलपट त्या कोल्हापूरच्या दिवसांतला आहे. शांतारामबापूंच्या दिग्दर्शनाची आणि दुर्गाबाई खोट्यांच्या तारामतीची स्तुती सर्वत्र होते, ती योग्यच आहे, परंतु माझे लक्ष दरवेळी हरिश्चंद्राकडे जाते, कारण ती भूमिका आणि चित्रपटाचे संगीत ही दोन्ही गोविंदराव टेंब्यांची आहेत. ‘मानापमान’ या संगीत नाटकाच्या पदांना १९११ साली चाली देणारे आणि पुढे अल्लादिया खाँसाहेबांचे चरित्र लिहिणारे हेच गोविंदराव. पार्श्वगायन रुळण्यापूर्वीचा काळ असल्यामुळे नट कॅमेऱ्यासमोर स्वतः गातात. वर गाण्याची जी चर्चा चालली आहे, ती ज्या वातावरणातून आली, त्यातील एक माणूस येथे प्रत्यक्ष दिसतो आणि गाताना ऐकू येतो.

आईंना मात्र जुन्या ध्वनिमुद्रणाचा त्रास होऊ शकेल. त्यांच्यासाठी भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ (१९६५) लावावा. लोहाराच्या संसाराची गोष्ट आहे आणि संगीतकार आनंदघन म्हणजे लता मंगेशकर. मालिकांपैकी ‘तुझ्यात जीव रंगला’ येथील बोलीसाठी पाहायला हरकत नाही, मात्र भाग फार आहेत.

नागपूरचा_पाहुणा
सर्वांचे मनःपूर्वक आभार. रविवारी सकाळी बसंती केदार आणि दुपारी आईसाठी ‘साधी माणसं’ असे ठरवले आहे. ताई, एक शंका आहे. काही हॉटेलांत शाकाहारी पांढरा रस्साही मिळतो असे दिसते, तो सौ.साठी मागवावा का?

बावड्याची_सुगरण
मागवू नका, घरीच करा. फ्लॉवर, गाजर, कांदा आणि अख्खा गरम मसाला पाण्यात चांगला उकळून ते पाणी गाळून घ्यावे आणि अळणी पाण्याच्या जागी वापरावे. वाटण तेच, फक्त काजू थोडे कमी आणि खसखस थोडी अधिक, कारण काजू जास्त झाले की तो रस्सा न राहता गोडसर ग्रेव्ही होते. चार जणांना एका नारळाचे दूध पुरते.