लॅटिनो शेजाऱ्यांचा सत्कार करायचाय, शाल-श्रीफळ चालेल का?

तुलारेकरीण

नमस्कार मंडळी,

मी कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात, तुलारे काउंटीत राहते. हायवे ९९च्या दोन्ही अंगांना संत्री, बदाम, पिस्ते, द्राक्षं आणि गाईंचे गोठे. मराठी घरं मोजून तीसेक. मंडळ लहान, पण हौस दादरच्या मंडळांनाही लाजवेल अशी.

यंदा कोजागरी हिस्पॅनिक वारसा महिन्यातच, म्हणजे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरमध्ये बसवतोय. त्या निमित्ताने गावातल्या तीन लॅटिनो, म्हणजे मूळच्या लॅटिन अमेरिकेतल्या, कार्यकर्त्यांचा सत्कार करावा असं ठरलं. एक सत्तरीच्या आजी. दर शनिवारी चर्चच्या पार्किंगमध्ये शिधा वाटतात. कोविडात माझे सासू-सासरे इथे अडकले होते, तेव्हा त्यांच्यासाठी न सांगता दोन पिशव्या दाराशी ठेवून गेल्या, वर बटाटे वेगळे. दुसऱ्या बाई गॅरेजमध्ये पोरांना मेक्सिकन लोकनृत्य शिकवतात, फी नाही. तिसरे एक निवृत्त स्कूलबस ड्रायव्हर. आता लोकांना नागरिकत्वाचे अर्ज भरून देतात आणि मुलाखतीची उजळणीही करून घेतात.

आता धास्ती कसली ते सांगते. मागच्या वर्षी आम्ही एका लॅटिनो पाहुण्यांचा सत्कार केला. सूत्रसंचालकाने, म्हणजे माझ्याच नवऱ्याने, 'होसे'चं 'जोस' केलं. पाहुणे हसले. मग त्यांच्या हातात नारळ दिला आणि तो खाली ठेवला तरी चालतो हे सांगायचं राहून गेलं. त्या भल्या माणसाने पुढची चाळीस मिनिटं, दोन भावगीतं आणि अध्यक्षांचं भाषण धरून, तो नारळ दोन्ही हातांनी पोटाशी धरून ठेवला. फोटोत तर तान्हं बाळ घेतल्यासारखे दिसतात.

तर शाल-श्रीफळ-हार ठेवावं की नुसतं मानपत्र द्यावं? आणि मला पाच मिनिटं बोलायचंय. 'हे लोक फार कष्टाळू असतात' छापाचं काही बोलायचं नाही. ते ऐकलं की मला आपल्याकडे बाई 'आमची कामवाली अगदी घरच्यासारखी' म्हणते ते आठवतं. मग बोलू काय?

झेंडूचा_वैरी

नारळाचा किस्सा वाचून चहा सांडला.

शाल बिनधास्त द्या. मेक्सिकोत रेबोसो नावाची लांब ओढणीवजा शाल असते. बायका ती डोक्यावरून घेतात, तिच्यात बाळ बांधतात, बाजारही बांधतात. त्यामुळे खांद्यावर शाल घालणं त्यांना समजावून सांगावं लागणार नाही.

झेंडूच्या हाराचा मात्र विचार करा. मेक्सिकोत झेंडू हे मृतांच्या दिवसाचं फूल. १ आणि २ नोव्हेंबरला घरोघरी गेलेल्या माणसांसाठी वेदी मांडतात, ती झेंडूने भरलेली असते, वाटेवर पाकळ्या पसरतात, वासावर माणूस घरी येतो म्हणून. ते अशुभ मानत नाहीत, उलट फार मायेचं आहे. पण ऑक्टोबरात सत्तरीच्या आजींच्या गळ्यात झेंडूचा जाडजूड हार घालून फोटो काढणं म्हणजे... तुम्हीच बघा. गंमत म्हणजे झेंडू मुळात मेक्सिकोचाच. आपण दसऱ्याला दाराला बांधतो तो तिकडून आलेला पाहुणा. गुलाबाचा किंवा मोगऱ्याचा हार करा.

आणि नावं. त्यांच्यात आडनावं दोन: आधी वडिलांचं, मग आईचं. आपण सवयीने शेवटचं उचलतो, म्हणजे माणसाला आईच्या आडनावाने हाक मारतो. वयस्कर बाईंना 'दोन्या' आणि पुढे पहिलं नाव लावा. आपल्या 'ताई'सारखंच, आडनावाला नाही लागत. पुरुषांना तसंच 'दोन' (आकडा नव्हे). नवऱ्याकडून दहा वेळा म्हणवून घ्या.

निफाडचा_बागायतदार

ताई, मी निफाडचा. घरी सोळा एकर द्राक्षबाग होती. गेली अठरा वर्षं केर्न काउंटीत द्राक्षाच्याच धंद्यात आहे, मालाची प्रत तपासायच्या कामावर. म्हणून थोडं लांबलं तर चालवून घ्या.

भाषणाची सुरुवात तुमच्या घरापासून तासाभराच्या आत असलेल्या डेलानोपासून करा. ८ सप्टेंबर १९६५ला तिथल्या द्राक्षबागांत काम थांबलं. थांबवलं ते फिलिपिनो मजुरांनी, लॅरी इट्लिओंग त्यांचे पुढारी. बहुतेक एकटे, म्हातारे होत चाललेले पुरुष, छावण्यांतून राहणारे. आठ दिवसांनी, १६ सप्टेंबरला, मेक्सिकन मजुरांची संघटना गावातल्या चर्चच्या हॉलमध्ये जमली आणि संपात उतरायचं ठरलं. १६ सप्टेंबर म्हणजे मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन, मुहूर्त बरोबर साधला. या संघटनेची स्थापना १९६२ची, सेसार चावेस आणि डोलोरेस वेर्ता यांनी केलेली. (वेर्ता. स्पॅनिशमध्ये ह मुका असतो. नवऱ्याला हेही सांगा.) संप पाच वर्षं चालला. देशभर लोकांनी द्राक्षं घेणं सोडलं, तेव्हा १९७०च्या जुलैमध्ये बागायतदारांनी सह्या केल्या.

मी बागायतदाराचा पोर. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा माझी सहानुभूती कुठल्या बाजूला गेली ते प्रामाणिकपणे सांगतो: बागायतदारांच्या. आमच्याकडे छाटणीच्या वेळी मजुरांनी दर वाढवून मागितले की वडिलांचं तोंड कसं व्हायचं ते मी पाहिलंय. माझं मत बदललं ते एका खुरप्यामुळे. इथे एका जुन्या मुकादमाने मला ते दाखवलं. त्याला 'एल कोर्तितो' म्हणतात, म्हणजे आखूडशी. कुदळीचं पातं आणि दांडा जेमतेम वीतभर. लेट्यूस आणि बिटाच्या शेतात याच्याने विरळणी करायची तर कमरेत दुमडूनच चालावं लागतं, दहा-दहा तास. लांब दांडा बसवला तरी काम होतं, पण मालकांचं म्हणणं, आखूड दांड्याने हात साफ चालतो. मुकादम म्हणाला, खरं कारण वेगळं. बांधावर उभं राहून एक नजर टाकली की कोण ताठ उभा राहिलाय, म्हणजे कोण थांबलाय, ते लगेच कळतं. मी ते हातात धरून एक सरी चाललो. दुसरी नाही चालू शकलो. १९७५ साली कॅलिफोर्नियाने हे अवजार बंद केलं.

तुम्ही सत्कार करणार त्या आजी सत्तरीच्या म्हणता. इथल्याच असतील तर त्यांच्या आईबापांनी ते धरलेलं असण्याची शक्यता फार. विचारून बघा.

वेर्ताबाईंबद्दल दोन वाक्यं जरूर घ्या. जन्म १९३०चा, न्यू मेक्सिकोतला. वाढल्या आपल्याच खोऱ्यात, स्टॉक्टनला. आधी शिक्षिका होत्या. मजुरांची पोरं उपाशी, अनवाणी वर्गात यायची, तेव्हा पोरांना शिकवण्यापेक्षा त्यांच्या आईबापांना संघटित केलं तर जास्त उपयोग होईल असं वाटून नोकरी सोडली. अकरा मुलांची आई. मालकांसमोर करार करायला बसायच्या त्याच. 'सी, से पुएदे', म्हणजे 'हो, जमतं', ही घोषणा त्यांची, १९७२ची, ॲरिझोनातली. ओबामांनी २०१२ साली त्यांना राष्ट्राध्यक्षांचं स्वातंत्र्यपदक दिलं. २०१८मध्ये कॅलिफोर्नियाने १० एप्रिल, त्यांचा वाढदिवस, डोलोरेस वेर्ता दिन केला. मोर्चे निघाले की फोटो बहुतेक चावेस यांचे निघायचे, बाई कडेला. आपल्याकडेही हेच.

शांतताप्रिय

कोजागरीच्या दुधात युनियन आणि संप कशाला? पाहुण्यांपैकी कोण कुठल्या पक्षाचं माहीत नाही, मंडळातही बागायतदारांकडे नोकरी करणारे असतील. सत्कार करा, नाच बघा, फोटो काढा, विषय संपला.

तुलारेकरीण

शांतताप्रिय, मुद्दा अगदीच उडवून लावत नाही, आमच्या कार्यकारिणीत दोघं हेच म्हणाले. पण ज्या बाई शिधा वाटतात त्यांच्या रांगेत शेतावरचेच लोक उभे असतात. रांगेचं कौतुक करायचं आणि शेताचं नाव घ्यायचं नाही, हे मला जमायचं नाही.

झेंडूबद्दल मंडळातर्फे साष्टांग नमस्कार. ऑर्डर गेली होती, आज रद्द केली.

वऱ्हाडी_ठेचा

लोकनृत्यवाल्या बाईंसाठी: लुईस वाल्देस यांचा उल्लेख करा. जन्म डेलानोचाच, मजुरांच्या घरातला. १९६५च्या त्याच संपात त्यांनी 'तेआत्रो काम्पेसिनो', शेतकऱ्यांची रंगभूमी, उभी केली. रंगमंच म्हणजे ट्रकचा उघडा हौदा. नट संपकरीच. पात्राची ओळख म्हणून गळ्यात पाटी: हा 'मालक', हा 'संपफोड्या'. संपफोड्याची पाटी गळ्यात घ्यायला कोणी तयार नसायचं म्हणे. आपल्या कलापथकाच्या वगांशी नातं सांगणारा प्रकार. पुढे त्यांचं नाटक १९७९ला ब्रॉडवेपर्यंत गेलं.

आणि एक आपला माणूस. पांडुरंग सदाशिव खानखोजे, वर्ध्याचे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, पुढे मेक्सिकोत गेले. चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवलं, मक्याच्या वाणांवर काम केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिवेरांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवलंय. २०२२ साली चापिंगोत त्यांचा पुतळाही बसला. भाषणाला याहून चांगला दुवा कुठला!

निफाडचा_बागायतदार

खानखोज्यांबद्दल आदर आहेच. पण आपली खोड माहीत आहे ना? सत्कार त्यांचा, आणि पाच मिनिटांतली चार 'आमचा माणूस तुमच्याकडे येऊन गेला' यात जायची.

तुलारेकरीण

अगदी हेच मनात आलं. खानखोजे दुधाच्या वेळी गप्पांत सांगेन. भाषणात डेलानो, आखूड दांडा, वेर्ताबाई आणि मग लगेच या तिघांची कामं. पाच मिनिटं पुरतात की नाही बघू.

अपडेट: काल आजींना आमंत्रण द्यायला गेले. आधी नको नको म्हणाल्या. मग म्हणाल्या, शिधा भरायला दोघी अजून असतात, त्यांनाही बोलवा, नाहीतर मी येत नाही. म्हणजे शाली पाच. धीर करून एल कोर्तितोचं विचारलं. काही न बोलता उठल्या आणि वऱ्हांड्याच्या भिंतीवरून काढून आणला. आईचा. दांड्याला मधोमध पकडून पकडून खळगा पडलाय, माझी बोटं त्यात बरोबर बसली. कार्यक्रमाला आणाल का म्हटलं, तर म्हणाल्या बघते.

नवऱ्याने त्यांना 'दोन्या' बरोबर म्हटलं. 'न' आणि 'य' इतक्या जोरात जोडले की आजी दचकल्या, पण बरोबर.

आता नवीन पेच. निघताना म्हणाल्या, रिकाम्या हाताने येणार नाही, साठ तामाले आणते. आमच्यातली अर्धी घरं शाकाहारी. तामाले म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून वाफवलेले; त्या पिठातच डुकराची चरबी मळतात ना? कसं सांगू?

झेंडूचा_वैरी

हो, पिठातच असते, म्हणून नुसतं 'मांस नको' म्हणून भागत नाही. 'सिन मान्तेका, सिन कार्ने' म्हणा: चरबी नको, मांस नको. वाईट नाही वाटणार, त्यांच्यातही उपासाच्या दिवसांत मांस वर्ज्य असतं. मिरचीच्या पट्ट्या आणि चीज घातलेले 'राहास' मागा, पिठात तेल घालायला सांगा. पण आजींना साठही तसेच करायला लावू नका, वीस मान्तेकावाले वेगळ्या पातेल्यात येऊ देत. मी फ्रेझ्नोहून येतोय.