प्रतिसाद: इंधन त्या मातीतच असतं

डांबर मुरून दूषित झालेली माती स्वच्छ करायची तर "एवढी माती भाजायला इंधन किती लागेल?" असा प्रश्न इथे आलाय, त्यात थोडी भर घालतो. या पद्धतीत माती भाजत नाहीत, धुमसवतात. गोवरी एका टोकाला पेटली की ज्वाळेशिवाय आत आत जळत जाते, तसंच. इंधन म्हणजे मातीत मुरलेलं डांबर.

एडिनबरा विद्यापीठात गेरहार्ड, टोरेरो वगैरे संशोधकांच्या गटाने केलेले असे प्रयोग २००९ साली प्रसिद्ध झाले. उभ्या नळकांड्यात कोलटार (दगडी कोळशापासूनचं डांबर) मिसळलेली वाळू, तळाशी विजेचा हीटर आणि हवेची नळी. डांबर पेटलं की हीटर बंद! वेगवेगळ्या उंचीवरचे थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) एकामागून एक तापत जातात, त्यावरून धग किती वेगाने वर सरकते ते कळतं. हवा तोडली की ती विझते. मला तरी हा ताबाच सर्वांत मोलाचा वाटतो.

चिकणमातीत मात्र हवाच खेळत नाही, आणि डांबर फार कमी असेल तर धग टिकत नाही. निघणारा धूरही पकडून शुद्ध करावा लागतो.

आणखी एक, लहान नळकांड्याच्या भिंतींतून बरीच उष्णता निसटते. त्यामुळे प्रयोगशाळेत विझलेला नमुना मोठ्या प्रमाणावर तग धरूही शकतो. लगेच बाद ठरवू नका.