मदत हवी आहे: विज्ञान-मालिकेतल्या नायिकेला माणूसपण कसं द्यावं?

नमस्कार मंडळी,

मी परळला राहते. आठ भागांची मराठी श्राव्यमालिका लिहितेय, एकेक भाग पंचवीस मिनिटांचा. काळ २०८१. नायिका वरळीच्या लव्हग्रोव्ह पंपिंग स्टेशनची प्रमुख आहे. समुद्र इतका चढलाय की रोजच्या भरतीलाही पंप लावल्याशिवाय शहरातलं पाणी बाहेर पडत नाही. (२६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी कुर्ल्याला मामाकडे अडकले होते. मालिकेचं बीज तिथलं.)

चौथ्या भागात ती एका वस्तीच्या बाजूचं पाणी अडवणारं गेट खाली सोडते. बाकीचं शहर वाचतं. ती वस्ती बुडते.

मागच्या रविवारी आमच्या चाळीत पाच-सहा जणांसमोर चार भाग वाचले. सगळ्यांनी 'छान, छान' म्हटलं. शेजारच्या काकू मटार सोलत ऐकत होत्या. त्यांनी ताट बाजूला ठेवलं आणि विचारलं, "अगं, ही पोरगी घरी जाते कधी? जेवते कधी?" मला उत्तर देता येईना. माझी नायिका हुशार आहे, धीट आहे, पण निर्णय घेतला की लगेच पुढच्या संकटाला सामोरी जाते. अंगाला काही लागतच नाही तिच्या.

मग 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' ही अंतराळजहाजावरची जुनी अमेरिकन मालिका पुन्हा काढून बसले. १९९०मध्ये त्यात बोर्ग, म्हणजे अर्धे यंत्र झालेले शत्रू, जहाजाच्या कॅप्टन पिकार्डला पळवून नेतात, त्याला आपल्यातलाच एक करतात आणि त्याच्याच माहितीच्या जोरावर वुल्फ ३५९ या ताऱ्याजवळच्या लढाईत ३९ जहाजं नष्ट करतात. सहकारी त्याला सोडवतात, पृथ्वी वाचते. मला वाटलं होतं, आता नवा ग्रह, नवं संकट. पण पुढचाच भाग, 'फॅमिली', फ्रान्समधल्या त्याच्या गावी घडतो. अख्ख्या भागात जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे नियंत्रणकक्षात, एकही प्रसंग नाही. त्याला पृथ्वीवरच राहून समुद्रतळ वर उचलण्याच्या प्रकल्पात काम करायची संधी चालून येते, आणि जहाज सोडावं का, असा विचार तो खरंच करतो. थोरल्या भावाशी त्याचं कधी पटलेलं नाही. द्राक्षमळ्यात दोघांची जुंपते, चिखलात लोळतात, मग हसत सुटतात, आणि हसता हसता पिकार्ड रडायला लागतो. मी त्यांना थांबवायला हवं होतं, माझी ताकद कमी पडली, असं काहीसं म्हणतो. ज्याच्या शब्दावर हजारभर माणसं चालतात तो माणूस चिखलात बसून रडतोय! माझ्या मते पिकार्ड तिथे घडला, लढाईत नाही.

माझ्यापुढच्या अडचणी:

सात वर्षांत १७८ भाग करणाऱ्या मालिकेला एक भाग घरी घालवणं परवडतं. माझ्याकडे आठच आहेत. पाचवा भाग अख्खा तिच्या घरी घालवू का? ऐकणारे कंटाळतील का?

दुसरं, माझ्याकडे फक्त आवाज आहे. चिखल दिसणार नाही. तिला स्वतःच्या तोंडाने 'मला अपराधी वाटतं' म्हणायला लावायचं नाहीये.

प्रतिसाद, गिरगावकर:
ताई, पाचवा भाग घरीच घडू द्या. पण त्या बुडालेल्या वस्तीतलं कुणीतरी तिच्यासमोर आणा. 'स्टार ट्रेक'चीच दुसरी मालिका 'डीप स्पेस नाइन' १९९३मध्ये सुरू झाली ती त्याच वुल्फ ३५९च्या लढाईपासून. तिचा नायक सिस्को, त्याची बायको तिथे मरते. तीन वर्षांनी त्याला पिकार्डला भेटावं लागतं, आणि त्याच्या नजरेत राग स्वच्छ दिसतो. एकाची जखम दुसऱ्याच्या घरापर्यंत पोचलेली. पुढे वर्महोलमधले, म्हणजे अवकाशातल्या बोगद्यातले, जीव सिस्कोला पुन्हा पुन्हा त्याच जळत्या खोलीत नेतात, कारण तो मनाने तिथून कधी निघालेलाच नसतो. तुमच्या नायिकेकडे रागाने बघणारं कुणी आहे का?

प्रतिसाद, कल्याण स्लो:
आवाजासाठी एखादी वस्तू धरा. पिकार्डच्याच मालिकेतला 'द इनर लाइट' (१९९२) हा भाग आठवा: पिकार्ड पंचवीस मिनिटांत एका अनोळखी ग्रहावर अख्खा संसार जगतो, मुलं-नातवंडं बघतो, आणि जागा झाल्यावर हातात उरते ती बासरी. पुढच्या वर्षी एका भागात तीच बासरी परत येते. 'द इनर लाइट'च्या शेवटी तर तो ती नुसती वाजवतो, कुणी काही समजावत बसत नाही. श्राव्यमालिकेत तर बासरीसारखी गोष्ट सोन्याची.

मूळ लेखिका:
दोघांचेही मनापासून आभार. गिरगावकर, रागाने बघणारं कुणीच नव्हतं, तिथेच माझं चुकत होतं. आता त्या वस्तीतली एक म्हातारी नायिकेच्या घरी येतेय, पाळणाघर चालवणारी बाई म्हणून. नायिकेचा मुलगा तिच्याकडेच असतो. आणि वस्तू नाही, पण आवाज सापडलाय: गेट खाली येताना होणारा साखळीचा खडखडाट. पाचव्या भागात घराखालच्या दुकानाचं शटर पडतं, तेव्हा नायिका जेवता जेवता थांबते. म्हातारी पण थांबते.

दोघींपैकी आधी कोण बोलेल, हे काही केल्या ठरत नाहीये. कुणाला काही सुचलं तर सांगा, शनिवारी पुन्हा वाचन आहे.