दुखणं थांबत नाही, अशात प्रार्थना कशी करायची?

सकाळची_ओल:
नमस्कार. लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं. मला 9 वर्षं आमवात आहे, बोटं, मनगटं, गुडघे सगळीकडे. सकाळी तासभर तरी बोटं वळत नाहीत, आणि बायबलची पानं किती पातळ असतात माहितीये ना, एक उलटायला गेलं की चार उलटतात, मग मी तळहाताच्या कडेने पान सरकवत बसते. गुडघे टेकणं तर कधीच सुटलं. मागच्या महिन्यात प्रार्थनेच्या ग्रुपमध्ये एकीने सगळ्यांसमोर सांगितलं की तुझा विश्वास कमी पडतोय नाहीतर एखादं पाप कबूल करायचं राहिलंय, गोळ्या बंद कर आणि बरी झाले म्हणून धन्यवाद द्यायला लाग. तेव्हापासून प्रार्थनेला डोळे मिटले की आधी तिचंच वाक्य ऐकू येतं. मला देवाचा रागही येतो हल्ली, आणि राग आला म्हणून परत अपराधी वाटतं. तुम्ही लोक काय करता?

मणका_चार:
ताई, आधी एक, गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्यात स्टेरॉइड असेल तर एकदम थांबवणं धोक्याचं असतं, डॉक्टरांशीच बोला. आता विश्वासाचं. प्रेषित पौलाच्या शरीरातला काटा आठवा, म्हणजे त्याचा न सुटणारा त्रास, त्याने तीनदा विनंती केली आणि काटा निघाला नाही, उत्तर मिळालं ते "माझी कृपा तुला पुरे आहे". पौलाचा विश्वास कमी होता म्हणायचं का मग? तोच पौल त्याच्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, आणि सोबतच्या त्रफिमाला आजारी म्हणून मिलेत शहरात ठेवून पुढे जातो. ही वचनं कोणी प्रवचनात घेत नाही याचं मला फार वाईट वाटतं. माझं मणक्याचं ऑपरेशन झालंय, दोनदा, रात्री कूस बदलताना जी कळ येते तेव्हा माझ्या तोंडून फक्त "येशू" एवढंच निघतं, पुढचं वाक्य येतच नाही. रोमकरांना लिहिलेल्या पत्राच्या 8व्या अध्यायात आहे ना की कशी प्रार्थना करावी ते आपल्याला कळत नाही तेव्हा पवित्र आत्मा आपल्यासाठी कण्हतो, मी त्याच्यावर भरवसा ठेवून पडून राहतो.

दिवाबत्ती:
रागाबद्दल लिहिते. स्तोत्र 88 वाचा, त्याचा शेवट अंधारातच होतो, शेवटी स्तुतीबिती काही नाही आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. वधस्तंभावर स्वतः प्रभू "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास" म्हणाला, ते स्तोत्र 22 मधलं. देवापाशी तक्रार करणारा माणूस देवाला सोडून गेलेला नसतो, उलट दुसऱ्या कोणाकडे जायला त्याला नकोय म्हणून तो तिथेच भांडतो, असं मला तरी अगदी मनापासून वाटतं. आणि पापाचं म्हणाल तर योहानाच्या शुभवर्तमानाच्या 9व्या अध्यायात शिष्यांनी आंधळ्याबद्दल हेच विचारलं होतं, पाप याचं की याच्या आईबापाचं, येशू म्हणाला दोघांचंही नाही.

जुनी_वही:
ताई, मी तो सल्ला देणाऱ्यांतला होतो, म्हणून लिहितोय. आईला कॅन्सर होता, हाडांत गेला होता. मी रोज तिच्या खोलीत जाऊन म्हणायचो आई विश्वास धर, तू बरी झालीस असं तोंडाने म्हण. ती म्हणायचीपण. एकदा पांघरूण सारखं करायला गेलो तर खाली तिने चादर मुठीत इतकी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती, आणि माझ्याकडे बघून हसत होती. मला वाईट वाटू नये म्हणून दुखणं माझ्यापासून लपवत होती ती. बायबलमधल्या ईयोबावर संकटं कोसळली तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री काही न बोलता त्याच्याजवळ बसले, मग बोलायला लागले आणि सगळं बिघडलं, मी तर पहिल्या दिवसापासूनच बोलत होतो. नंतर मी गप्प बसायला शिकलो, तिचा हात धरून, आणि मग तिने हळूहळू सांगायला सुरुवात केली की कुठे दुखतं, भीती कशाची वाटते. त्या ताईंच्या वतीने नाही, पण माझ्यासारख्या सगळ्यांच्या वतीने तुमची माफी मागतो.

सकाळची_ओल:
जुनी_वही, तुमचं वाचून खूप रडले. मीही आमच्या पाळकांच्या बायकोसमोर कायम "छान आहे" म्हणते, त्या दर रविवारी विचारतात तरी. उद्या त्यांना फोन करून खरं काय ते सांगते, आणि मंडळीतल्या वडीलजनांना सांगून तेल लावून प्रार्थना करा असंही म्हणणार आहे, याकोबाच्या पत्रात आहे तसं, गोळ्या चालू ठेवूनच. पानं उलटायला नकोत म्हणून ऑडिओ डाउनलोड केलंय. आज रात्री कुठून सुरू करू, 88 पासून?

मणका_चार:
स्तोत्र 13 लावा आधी. सहाच वचनं आहेत, आणि सुरुवातच "हे परमेश्वरा, किती काळ" अशी आहे. कळ आलेली असताना मला तेवढंच झेपतं.