माझी कथा हकिकतीसारखी होते. काय चुकते आहे?

भोरचा पाहुणा
नमस्कार. मी भोर तालुक्यातला असून पुण्यात कला शाखेच्या पहिल्या वर्षाला शिकतो आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो. गेल्या चार महिन्यांत मी तीन कथा लिहिल्या. तिसरी कथा एका प्राध्यापकांना वाचायला दिली, तेव्हा "ही हकिकत आहे, कथा नव्हे," एवढेच म्हणून त्यांनी कागद परत केले. कथेतला शेतकऱ्याचा मुलगा शिकायला पुण्यात येतो, त्याला घरून रोज एसटीने डबा येतो, पुढे आई आजारी पडते, वडील कर्ज काढतात, आई जाते आणि मुलगा शिक्षण सोडून गावी परततो. हे सारे मी अठराशे शब्दांत बसवले आहे. इतके घडूनही वाचणाऱ्याला काहीच वाटत नाही, हे मलाही जाणवते. सुरुवात करणाऱ्याने तंत्राची पुस्तके वाचावीत की नुसत्या कथा, हेही जाणकारांनी सांगावे.

दौत
अठराशे शब्दांत दोन वर्षे, एक आजार, एक कर्ज आणि एक मृत्यू कोंबायचा म्हटल्यावर "मग", "त्यानंतर" आणि "पुढे" यांखेरीज फारसे काही उरणार नाही. तुमच्या प्रश्नात मी थांबले ती डब्यापाशी. स्वारगेटला ती गाडी किती वाजता लागते, डबा कुणाच्या हातून घ्यायचा, त्यावर नाव कशाने घातलेले असते, फडक्याला गाठ कोण मारते, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि मला नाही. कथा तिथे आहे. आई आजारी असल्याची बातमी मुलाला फोनवर देऊ नका, डब्यावरून कळू द्या. कर्ज तर काढूनच टाका. आणि शक्य असेल तर आईला जगू द्या. मी काही वर्षे एका दिवाळी अंकाकडे आलेल्या कथा वाचत असे. एकदा ओळीने नऊ कथांत कुणी ना कुणी दगावले, आणि दहावीत कुत्रा मेला तेव्हा मी चहा करायला उठले.

जुना सभासद
आपली अडचण बरीच जुनी आहे. ह. ना. आपटे यांनी १८९० मध्ये पुण्यात 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. त्यात कादंबऱ्या क्रमशः येत आणि सुट्या गोष्टींना 'स्फुट गोष्टी' म्हणत. त्यांतल्या कित्येक आज वाचल्या तर आटोपत्या घेतलेल्या कादंबऱ्याच वाटतात. पुढे ना. सी. फडक्यांच्या काळात कथेचे तंत्र घट्ट बांधले गेले, आणि १९४५ नंतर गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे, व्यंकटेश माडगूळकर या नवकथाकारांनी ते सैल केले. तंत्राचे पुस्तक जरूर वाचावे, पण चार-सहा कथा लिहून झाल्यावर. आधी वाचल्यास माणूस शेवटच्या कलाटणीच्याच मागे लागतो.

तोवर एक करून पाहा. लक्ष्मी रस्त्यावरील पुणे नगर वाचन मंदिराचे सभासद व्हा (हे ग्रंथालय १८४८ पासूनचे आहे), एकाच लेखकाचा एकच संग्रह आणा आणि त्यातली एक कथा वहीत हाताने उतरवून काढा. लेखकाने काय वगळले आहे ते नुसते वाचताना दिसत नाही. हात दुखू लागला की दिसते.

पेठकर
कर्जाबाबत मी दौत यांच्याशी सहमत नाही. कर्ज राहू द्यावे, फक्त त्याचे नाव घेऊ नये. आमच्या घरी हप्ते सुरू झाले तेव्हा कुणी काही बोलले नव्हते. भाकरीवरचे तूप गेले आणि भाजीतले कूट कमी झाले, इतकेच.

भोरचा पाहुणा
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बसून कथा एका सकाळीवर आणली. मृत्यू काढला, कर्ज हा शब्द काढला आणि तूप बंद केले. आता सुरुवात अशी आहे:

'कंडक्टरने सीटखालून डबा काढून दिला. फडक्याच्या दोन गाठी आज नव्हत्या. डब्याभोवती खताच्या पोत्याची सुतळी गुंडाळली होती, तीही पाच-सहा वेढे. "आज तुझ्या बापानं आणून दिला, आय न्हाई आली," कंडक्टर म्हणाला.'

कंडक्टर आमच्याकडची बोली बोलतो. ती तशीच ठेवावी, की प्रमाण भाषेत लिहावी?

दौत
बोली तशीच राहू द्या, पण हे वाक्य काढा. ते सुतळीने आधीच सांगितले आहे. कंडक्टरला सुट्या पैशांवरून कुणाशी तरी वाद घालू द्या, आणि मुलाला डबा हातात धरून तिथेच उभा ठेवा.